येळवशीची भज्जी आणि शाळेतली परसबाग

मार्गशीर्ष अमावास्येला कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातली गावं सकाळीच ओस पडतात. चिंताकी असो की संतपूर, घराला कडी घालून माणसं डोक्यावर टोपल्या घेऊन शेताच्या वाटेला लागतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात, उदगीर-निलंग्याकडेही तेच. हा वेळ अमावास्येचा, बोलीतल्या येळवशीचा दिवस. कडब्याच्या पेंढ्यांची खोप उभी राहते, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव मांडले जातात, पूजा होते, आंबील शिवारात शिंपडली जाते आणि मग पंगत बसते. पंगतीत ज्वारी-बाजरीचे उंडे असतात, वांग्याचं भरीत असतं, पण सणाचा मान भज्जीला. तुरीचे, पावट्याचे, वाटाण्याचे हिरवे दाणे, हरभऱ्याचे सोलाणे, भुईमुगाचे दाणे, मेथी, कांद्याची पात, वांगं, गाजर असं त्या आठवड्यात शिवारात आणि बाजारात मिळेल ते सगळं एका पातेल्यात पडतं. वरून चिंचेचा कोळ आणि डाळीचं पीठ. आदल्या रात्री घरातली पोरं दाणे सोलायला बसतात आणि सोलता सोलता मूठभर तोंडात टाकतात.

ही भज्जी मुलं मागून मागून खातात. त्यांना कुणी जीवनसत्त्वं समजावून सांगत नाही, की गोष्टी सांगून घास भरवत नाही. शेंगा त्यांनी तोडलेल्या असतात, दाणे त्यांनी सोललेले असतात, शिवारभर हुंदडून भूक लागलेली असते आणि समोर घरदार, पाहुणे, शेजारी तेच खात असतात. मुलं भाजी खात नाहीत ही तक्रार आज गावातही ऐकू येते आणि शहरातही. तिचं उत्तर शोधायला या भागाला फार लांब जावं लागत नाही. वर्षातून एक दिवस जे आपोआप घडतं, ते शाळेच्या परसबागेत का घडत नाही, हा खरा प्रश्न आहे.

परसबाग तर आहे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने शालेय पोषण बागांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि शाळेमागे पाच हजार रुपयांची तरतूद सुचवली. 2021 मध्ये माध्यान्ह भोजनाची योजना ‘प्रधानमंत्री पोषण’ या नव्या नावाने आली, तेव्हाही या बागांवर भर होता. महाराष्ट्रात परसबागांच्या स्पर्धा होतात, तालुक्याला आणि जिल्ह्याला बक्षिसं मिळतात. मुलांना ताज्या भाज्या मिळाव्यात, मातीची ओळख व्हावी, भाज्यांचं पोषणमूल्य आणि पाकिटबंद खाऊचे तोटे कळावेत, असे या सगळ्यामागचे हेतू. हेतू चांगलेच आहेत. पण मुलाने आपण लावलेली भाजी स्वतः निवडावी, चिरावी, शिजवावी, हा टप्पा त्यात जवळपास नाहीच. मूल बी टोकतं, पाणी घालतं, तण काढतं. भाजी तयार झाली की ती स्वयंपाकखोलीत जाते आणि दार लागतं. दुपारी ताटात येतं ते पिवळ्या वरणात विरघळलेलं काहीतरी. आपण लावलेली भेंडी त्यात कुठे आहे, हे त्या मुलाला ओळखताही येत नाही.

या बागेकडून चुकीची अपेक्षा ठेवली जाते, हेही सांगायला हवं. योजनेच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दररोज 50 ग्रॅम भाजी मिळायला हवी, सहावी ते आठवीच्या मुलाला 75 ग्रॅम. शंभर लहान मुलांच्या शाळेला रोज पाच किलो भाजी लागली, तर शाळेच्या दोनशे दिवसांत एक टन झाली. गुंठाभर परसबागेतून एक टन भाजी निघत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती बाग वाळून जाते, शाळेची बोअर आटते, कुंपणातून शेळ्या शिरतात. बाजारातली भाजी थांबवण्यासाठी म्हणून बाग केली, तर मुख्याध्यापक दुसऱ्या वर्षी निराश होणार, हे ठरलेलं आहे.

रक्तक्षयाचं उत्तर म्हणूनही ती पुरेशी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत कर्नाटकातल्या पाच वर्षांखालच्या 65.5 टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण 68.9 टक्के होतं. पालेभाजीतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं. एवढा मोठा प्रश्न लोहाच्या गोळ्या, जंतनाशक औषध, डाळ आणि अंडी यांच्याशिवाय सुटणार नाही. 2021 च्या अखेरीस बिदर आणि कलबुर्गीसह सात जिल्ह्यांत शाळेच्या जेवणात अंडं आलं, तेव्हा केवढा वाद झाला! मठाधीश बोलले, मंत्री बोलले. ज्यांनी ते अंडं खायचं होतं त्या मुलांना मात्र फार थोड्यांनी विचारलं. मुलांच्या ताटात काय असावं हे आपल्याकडे नेहमी मोठी माणसं ठरवतात, आणि मग मुलं ताटात टाकतात म्हणून मोठ्या माणसांना राग येतो.

मग गुंठाभर बागेचं काम काय? ती मुलाच्या हाताला आणि जिभेला भाजीची ओळख करून देते. ओळख पक्की झाली, की बाजारातून आलेली भाजीही ते मूल खातं. पण त्यासाठी बागेचा रस्ता चुलीपर्यंत न्यावा लागतो. नुसत्या बागेने हे साधत नाही, याचा चांगला पुरावा लंडनच्या शाळांमधून आला. तिथे झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक प्रयोगाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ बागकाम केल्याने मुलांच्या रोजच्या फळं-भाज्यांत वाढ होते असं म्हणायला त्यात फारसा आधार सापडला नाही. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या एका छोट्या अभ्यासात सहा ते दहा वर्षांच्या 47 मुलांना पाहिलं गेलं. ज्यांनी पालकांसोबत स्वयंपाकात हात घातला, त्यांनी इतरांपेक्षा सुमारे पाऊणपट जास्त सॅलड खाल्लं. अमेरिकेत टेक्सासमधल्या 16 प्राथमिक शाळांत वर्षभर बाग, पोषणाचे धडे आणि स्वयंपाक हे तिन्ही एकत्र शिकवले. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे मुलं भाजी जास्त खाऊ लागली, पण त्यांच्या वजनात किंवा रक्तदाबात फरक पडला नाही. हा शेवटचा भाग लपवण्यात अर्थ नाही. परसबाग आणि चूल मिळून मुलाला भाजी खायला लावू शकतात. त्यांच्याकडून सगळ्या आजारांवरचा इलाज मागू नये.

मेलबर्नच्या कॉलिंगवुड कॉलेज या शाळेत 2001 मध्ये स्टेफनी अलेक्झांडर या प्रसिद्ध स्वयंपाक-लेखिकेने असाच कार्यक्रम सुरू केला आणि पुढे तो ऑस्ट्रेलियाभर पसरला. त्यात मुलांना बागेचाही तास असतो आणि स्वयंपाकघराचाही. लावणं, तोडणं, शिजवणं आणि एकत्र बसून खाणं, यातलं काहीच गाळत नाहीत. चिंताकीच्या माणसाला हे ऐकून येळवस आठवेल. फरक इतकाच, की तिथे ते वेळापत्रकात आहे.

आणि वेळापत्रकात घालण्याची कल्पनाही परक्या देशाकडून घ्यायची गरज नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या शाळेत शेत, भाजीचा मळा आणि स्वयंपाकघर हे शिकण्याचेच भाग होते. तीच परंपरा पुढे नेणारं आनंद निकेतन विद्यालय सेवाग्रामला 2005 पासून मराठी माध्यमातून चालतं आणि तिथली मुलं-मुली शेती, स्वयंपाक, सूतकताई, शिवण हे सगळं भाषा-गणिताच्या बरोबरीने करतात. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. कालबाग हे अन्नतंत्रज्ञानाचे डॉक्टरेट, अमेरिकेत शिकलेले, मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून खेड्यात आलेले. त्यांनी माध्यमिक शाळांसाठी बसवलेल्या अभ्यासक्रमात आठवड्याचा एक दिवस हाताच्या कामाला असतो, आणि शेती-पशुपालन तसंच गृह-आरोग्य हे त्याच्या चार विभागांपैकी दोन.

इतकी जुनी आणि इतकी सोपी गोष्ट सगळीकडे का रुजली नाही? 1964-66 च्या कोठारी आयोगाने, ज्याचे सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते, कार्यानुभवाची शिफारस केली. तो विषय वेळापत्रकात आला आणि बऱ्याच शाळांत कागदाची फुलं आणि तोरणं एवढ्यावर थांबला. यात शिक्षकांचा आळस असेल, पण त्याहून मोठं कारण पालकांच्या मनात आहे, आणि ते नीट ऐकून घ्यायला हवं. औराद तालुक्यातला जो शेतमजूर हंगाम संपला की हैदराबादला किंवा पुण्याला बांधकामावर जातो, तो मुलाला शाळेत पाठवतो ते त्याच्या हातातलं खुरपं सुटावं म्हणून. शाळेनेच मुलाच्या हातात खुरपं दिलं, तर त्याला ती फसवणूक वाटते. त्याची भीती निराधारही नाही. डिसेंबर 2023 मध्ये कोलार जिल्ह्यातल्या एका सरकारी निवासी शाळेत दलित मुलांना मैल्याच्या टाकीत उतरवून ती साफ करायला लावलं गेलं, आणि राज्यभर संताप उसळला. शाळेत काम म्हटलं की कुणाच्या मुलाच्या वाट्याला कोणतं काम येतं, हे या देशात विचारावंच लागतं.

म्हणून शिकवणूक आणि वेठबिगार यांतली रेघ आधी आखायला हवी. मुलाने शिजवलेलं त्याच पंगतीत तेच मूल खातं का? पाटलाच्या, शिक्षकाच्या, मजुराच्या मुलाची पाळी सारखीच येते का? भांडी घासायची पाळी मुलग्यांवरही येते का? मुलाला नको म्हणता येतं का? चारांचंही उत्तर हो असेल, तर ते शिक्षण. एकाचं जरी ‘नाही’ असेल, तर ते बंद करावं आणि पुन्हा नीट मांडावं. या मातीत हा विचार परका नाही. बाराव्या शतकात बसवकल्याणला बसवेश्वरांनी कायक आणि दासोह एकमेकांना जोडले: आपल्या हाताने कष्ट करायचे आणि त्याचं फळ सगळ्यांसोबत वाटून घ्यायचं. कर्नाटकाने शाळेच्या जेवणाला ‘अक्षर दासोह’ हे नाव दिलं, आणि ती योजना आधी बिदर-कलबुर्गीसारख्या ईशान्येकडच्या जिल्ह्यांतच सुरू झाली. या नावाला साजेसं जेवण एका पंगतीचंच असू शकतं.

मुलींची गोष्ट वेगळी मांडायला हवी. चिंताकीच्या आसपास दहा-बारा वर्षांची मुलगी घरी भाकर थापते, लहान भावाला भरवते, मग शाळेत येते. तिला शाळेत पुन्हा पोळपाटाला बसवलं, तर तिच्यावर अन्याय होईल. शाळेतल्या चुलीचा मोठा फायदा मुलग्यांना आहे. ज्यांना घरी ताट आयतं मिळतं, त्यांनी मेथी निवडायला, लसूण सोलायला, खरकटं उचलायला शिकावं. शक्य असेल तिथे पहिल्या सत्रात चिरणं-शिजवणं पूर्णपणे मुलग्यांकडे आणि बागेची आखणी, मोजमाप, हिशेब मुलींकडे द्यावा. घरातली सवय शाळेत उलटी झाली, की मुलं-मुली दोघंही ती नव्याने पाहतात.

सुरक्षेचा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये कलबुर्गी जिल्ह्यातल्या अफझलपूर तालुक्यात एका सरकारी शाळेत सांबाराच्या उकळत्या पातेल्यात पडून दुसरीतली मुलगी दगावली. 2013 मध्ये बिहारमध्ये कीटकनाशकाने दूषित झालेलं जेवण खाऊन 23 मुलं मेली. असं असताना मुलांना चुलीपाशी न्या म्हणणाऱ्याने सावधपणे बोलायला हवं. शंभर माणसांचं पातेलं मुलांच्या आसपासही असू नये. मुलांचा स्वयंपाक निराळा असावा: दहा-बारा जणांचा गट, छोटी कढई, वर्गात किंवा अंगणात, दुपारच्या जेवणाच्या जोडीला एखादं तोंडीलावणं. फवारणीचा डबा शाळेच्या आवारात नकोच. पाचवीपर्यंत विस्तव लागतच नाही. मटकीला मोड आणावेत, काकडी-मुळ्याची कोशिंबीर करावी, घोळीची कोवळी पानं कांदा आणि शेंगदाण्याच्या कुटात कालवावीत, लिंबू पिळावं. विस्तव सहावीपासून, आणि तोही मोठ्या माणसाच्या शेजारी.

सहावी-सातवीच्या एका तासाला अंबाडी घ्यावी. जूनमध्ये पेरलेली अंबाडी पावसाळाभर खुडता येते. देठ काढून पानं वेगळी करायची, एवढ्या कामात वीस हात गुंततात आणि कुणी ना कुणी एक पान चावून तोंड आंबट करतंच. पानं उकळत्या पाण्यात पडली की त्यांचा हिरवा रंग थोड्याच वेळात खाकी होतो. का होतो? पानातल्याच आम्लाने हरितद्रव्यातलं मॅग्नेशियम सुटतं म्हणून. विज्ञानाच्या पुस्तकातलं वाक्य इथे डोळ्यांसमोर घडतं. मग पाणी निथळून पानं पिळायची, म्हणजे आंबटपणा बेताचा राहतो. त्यात शिजवलेली तुरीची डाळ, ज्वारीच्या भिजवलेल्या कण्या, तिखट, मीठ. पळीने घोटायचं आणि वरून ठेचलेल्या लसणाची खमंग फोडणी. भाकर घरून आणावी. किती पानांची किती भाजी झाली, हे तराजूवर मोजलं, की पाला शिजून केवढा बसतो ते कळतं आणि टक्केवारीचं गणितही होतं. ज्याने पानं खुडली, त्याला ती भाजी चाखायचा आग्रह करावा लागत नाही. पहिल्यांदा नाही आवडली तरी बिघडत नाही. नवी चव अंगवळणी पडायला मुलांना ती आठ-दहा वेळा भेटावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा अंबाडी करावी.

अंबाडी, घोळ, तांदुळजा, पाथरी या भाज्यांचा आग्रह धरायला आणखी एक कारण आहे. पूर्वी तुरी-ज्वारीच्या रानात अंबाडीची, चवळीची, भेंडीची एखादी ओळ असायची. बांधावर कारलं, दोडका चढलेला असायचा. घरचं माळवं तिथूनच यायचं. सोयाबीन आलं तशा या ओळी गेल्या, आणि तणनाशकाने घोळ-तांदुळजाही मारला. सोयाबीनने पैसा दिला, हे खरं आहे, शेतकऱ्याला त्याबद्दल बोल लावता येणार नाही. पण रान हिरवंगार असतानाही घरात भाजी विकत आणायची वेळ आली, आणि मुलांच्या ओळखीच्या भाज्या कमी होत गेल्या. चिंताकीहून फार लांब नसलेल्या, 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यातच असलेल्या जहिराबाद तालुक्यात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित शेतकरी बायकांनी या न पेरता उगवणाऱ्या भाज्यांना तण म्हणायला नकार दिला, मिश्र पिकांचं बियाणं घरोघरी जपलं आणि दरवर्षी बैलगाड्यांतून बियाण्यांची जत्रा गावोगावी नेली. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वालांचं, भाज्यांचं बियाणं राखलं. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेच्या बागेचं बियाणं दुकानातल्या पाकिटातूनच यावं, असं कुठे लिहिलं आहे? प्रत्येक मुलाने आजीच्या गाडग्यातलं मूठभर बी आणलं, तर आजीही शाळेत येईल आणि ती भाजी कशी करायची, हेही तिच्याबरोबर येईल.

वर्षाची आखणी हंगामाप्रमाणे करावी. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, अंबाडी. दसऱ्याच्या सुट्टीच्या सुमाराला मेथी, पालक, मुळा, गाजर, वाल. मार्चनंतर वाफ्यांचा हट्ट सोडावा. शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू ही झाडं हात धुण्याच्या पाण्यावर उन्हाळा काढतात, शेवग्याचा पाला आणि शेंगा दोन्ही कामाला येतात.

राहतो प्रश्न शिकवणाऱ्याचा. शाळेत अंबाडी घोटता येणारी एक बाई रोज हजर असते, फक्त तिला कुणी शिक्षक मानत नाही. शाळेचा स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या मानधनाचा केंद्राचा निकष 2009 मध्ये महिना हजार रुपये ठरला आणि तोही वर्षातल्या दहा महिन्यांपुरता. राज्यं त्यात आपापली भर घालतात. एवढ्या पैशांत तिच्यावर शिकवण्याचं ओझं फुकट लादणं चूक ठरेल. शनिवारी शाळा सकाळची असते. तिच्यासाठी त्या दिवशी दोन तास वेगळे ठेवावेत, त्याचं वेगळं मानधन ग्रामपंचायतीने किंवा शाळा सुधारणा समितीने द्यावं, पाच हजारांच्या बाग-निधीतून कुंपणाबरोबर बारा छोट्या सुऱ्या, चार पाट, एक तराजू आणि दोन कढयाही घ्याव्यात. आणि वेळापत्रकात त्या तासापुढे तिचं नाव गणिताच्या आणि कन्नडच्या शिक्षकांच्या नावाखाली, त्याच शाईने लिहावं.